पट्ट्याचं तिसरं भोक

दसऱ्यानंतरच्या रविवारी गेणभाऊ वायरमन अवसरी बुद्रुकच्या वेशीबाहेरच्या लोखंडी खांबावर मध्यातच अडकले. खाली पन्नास-साठ माणसं माना वर करून उभी होती. साल दोन हजार एक.

काम साधं होतं. वरचा झंपर, म्हणजे एका तारेतून दुसऱ्या तारेत वीज नेणारा हातभर तुकडा, तुटला होता. पिठाची गिरणी बंद होती, विहिरींवरचे पंप बंद होते. गेणभाऊंनी लाईन बंद करून घेतली, हातमोजे चढवले आणि पट्टा उचलला. हा पट्टा कमरेला बांधायचा आणि त्याचा दोर खांबाला घालायचा. मग हात सुटला तरी माणूस खाली येत नाही.

पट्टा पुरला नाही. चामड्याचं टोक आणि बक्कल यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं. गेणभाऊंनी पोट आत ओढलं. तरी तीन बोटं राहिली. लोक बघत होते. त्यांनी पट्टा खांद्यावर टाकला आणि तसेच चढले.

खांबाच्या मध्यावर त्याचा नंबर रंगवलेला होता. तिथवर गेले आणि दम संपला. मांड्या थरथरायला लागल्या. वर जाता येईना, खाली बघवेना. खालून कुणी काही बोलेना. एरवी सतत बोलणारं गाव गप्प झालं, तेच त्यांना जास्त लागलं.

शेवटी सरूबाई बोलली. पंचाहत्तरीची म्हातारी, गळ्यात तुळशीची माळ, आवाज मात्र गावभर जाणारा.

"गेणू, उतर रं बाबा खाली. आमी कंदिलावर काढू रात. तू पडलास तर तुला उचलायला क्रेन आणावी लागंल."

सगळे हसले. गेणभाऊही हसले. हसत हसतच उतरले आणि खाली टेकल्यावर खांबाला पाठ लावून बसून राहिले. मंचरहून दुसरा वायरमन आला. त्यानं पट्टा बांधला, चढला, झंपर जोडला, उतरला. गिरणी सुरू झाली.

त्या दिवशी गेणभाऊ अवसरीत कुणाच्याच घरी जेवले नाहीत. एकोणीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं.

वायरमनला जेवू घालायची त्या भागात रीतच होती. दोन दिवस गेलेली लाईट आली, मोटर घुंई करून सुरू झाली, पाटाला पाणी लागलं, की घरधनी शिवारातूनच हाक मारायचा, "आगं, वायरमनला ताट कर!" ताटाला नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं म्हणजे वायरमन रागावला. आणि रागावलेला वायरमन पुढच्या वेळी कधी येईल, याचा नेम नव्हता.

गेणभाऊ कधी नाही म्हणालेच नाहीत. ब्याऐंशी साली वीज मंडळात लागले तेव्हा छप्पन्न किलोचे होते. वारा सुटला की तारेबरोबर हलतात, असं लोक म्हणायचे. मग नव्वद साल उजाडलं. विहिरीविहिरीवर मोटरी बसल्या, डीप्या वाढल्या, फ्यूज उडायला लागले. सकाळी राहत्या पेठ गावात कांदाभजी. दुपारी अवसरी खुर्दला भात-आमटी आणि वर शिरा. चारला कुठल्या तरी वस्तीवर गोडमिट्ट चहा आणि बिस्किटांचा अख्खा पुडा. घरी आल्यावर बायकोच्या, गोजरबाईंच्या हातच्या चार भाकरी ठरलेल्या. पोट सुटलं तसं गेणभाऊ त्यावर हात फिरवून सांगायचे, "हे माझं न्हाई, राव. ह्ये समद्या शेतकऱ्यांचं हाय. मी नुसता सांभाळतो."

ते पोट आता त्यांना खांबावर चढू देत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब नवे होते, नाशिककडचे, तिशीतले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"टेमकर, पट्ट्याशिवाय चढलात?"

"लोकं खोळंबली व्हती, साहेब."

"माझ्या आधीच्या ठिकाणी एक जण असाच चढला होता. त्याच्या घरी निरोप घेऊन मीच गेलो." साहेबांनी समोरची फाईल मिटली. "आजपासून तुम्ही खांबावर चढायचं नाही. सहा महिने देतो. चैत्रातल्या यात्रेच्या आधी, त्याच खांबावर, माझ्यासमोर. पट्टा तिसऱ्या भोकात लागला पाहिजे. टोकाच्या भोकात ओढून लावलेला पट्टा मला चालणार नाही. जमलं तर ठीक. नाही जमलं तर पुण्याच्या स्टोअरला तुमचं नाव पाठवतो. तिथं बसून काम आहे."

बसून काम. गेणभाऊंना ते ऐकूनच धाप लागली. पत्र्याच्या शेडमध्ये खुर्चीवर बसायचं आणि खांबावर तार ज्यांना बांधतात ते चिनी मातीचे कप खोक्यांतून काढून पुन्हा खोक्यांत ठेवायचे. इथं त्यांना दोन्ही अवसऱ्यांचा आणि पेठेचा खांब न् खांब पाठ होता. कुठल्या खांबावर घारीचं घरटं आहे, कुठला पावसाळ्यात झुकतो, कुठल्या डीपीला चोरून आकडा टाकणारा कोण, सगळं. स्टोअरात हे कुणाला सांगणार?

पेठेला बटाट्याच्या काट्यावर शफी मापाडी होता. गेणभाऊंचा जुना दोस्त. संध्याकाळी काटा मोकळा झाल्यावर गेणभाऊ त्यावर उभे राहिले. शफीनं काटा बघितला. "एकशेचार. दोन गोण्या बटाटा आन वर चार किलो. हे बघा, मोच्याकडं जाऊ. चार बोटं चामडं जोडून घेऊ पट्ट्याला. साहेबाला काय कळतंय?"

"जोडलेला पट्टा नको."

"का?"

"वर गेल्यावर मला कळंल ना."

शफीनं काट्यावर फडकं टाकलं.

मग गेणभाऊंनी आपल्या मनानंच इलाज सुरू केला. उपास. गुरुवार धरला, शनिवार धरला, दोन्ही एकादश्या, चतुर्थी. महिन्यातले दहा-अकरा दिवस उपासाचे झाले. उपास म्हटल्यावर गोजरबाई कामाला लागल्या. घरात बटाट्याची रास होतीच. सकाळी साबुदाण्याची खिचडी, त्यात बटाटा. दुपारी वरईचा भात, दाण्याची आमटी, उकडलेली रताळी. संध्याकाळी राजगिऱ्याचे लाडू आणि केळी. उपाशी माणसाला कमी पडू नये म्हणून सगळ्यावर तुपाची धार. वस्तीवरच्या बायकांनाही कळलं. "वायरमनचा उपास हाय," म्हणून त्या वेगळी खिचडी टाकायच्या.

दीड महिन्यानं गेणभाऊ पुन्हा काट्यावर उभे राहिले. शफीनं काटा एकदा बघितला, पुसला, पुन्हा बघितला.

"एकशेसहा."

"नीट बघ."

"मी वीस वर्सं मापं घालतोय, गेणभाऊ. बटाटा खाऊन बटाटा कमी करताय व्हय?" मग त्याचं हसू थांबलं. गेणभाऊ काट्यावरून खाली उतरतच नव्हते. "चला उद्या मंचरला. आमच्या घरवालीची, बिबिजानची साखर ज्या डॉक्टरीणबाई बघतात, त्यांच्याकडं."

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दाब बघितला. साखर काठावर होती. मग त्यांनी वही उघडली.

"रोज काय काय खाता, सांगा."

गेणभाऊंनी सांगितलं. अर्ध्यावर बाईंनी लिहायचं थांबवलं.

"आणि उपासाच्या दिवशी?"

"काय न्हाई, बाई. उपासच असतो."

"काही नाही म्हणजे काय काय?"

तेही सांगितलं. बाहेर बसलेल्या शफीला हसू आवरेना.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "गेणभाऊ, साबुदाणा, बटाटा, वरई, भात, पाव, बिस्किट, साखर. तोंडात चवी वेगळ्या, पोटात गेल्यावर सगळ्यांची साखरच होते. लागेल तेवढी शरीर वापरतं. उरलेली कमरेला नेऊन ठेवतं. तुम्ही सगळ्यात जास्त खाता ते उपासाच्या दिवशी."

"मग माणसानं खायाचं काय?"

"पोटभर खायचं, पण वेगळं. अंडी खा. मटकीची उसळ, घट्ट पिठलं, पालेभाजी, वांगी, गवार, दोडका. बिनसाखरेचं ताक. मूठभर शेंगदाणे. मटण-मासे चालत असतील तर तेही, बेतानं. भाकरी दिवसाला एक, तीही दुपारी. भात नाही, बटाटा नाही, साखर चहातसुद्धा नाही. आणि रोज तासभर चालायचं. दम लागेल असं. चक्कर आली, छातीत दुखलं, तर चालणं थांबवून आधी इकडे यायचं."

"आन उपास?"

"देवाला विचारून सोडा. मला वाटतं, तो परवानगी देईल."

एकशेसहा किलो आणि साडेचार महिने. गेणभाऊ घरी आले आणि त्यांनी गोजरबाईंना सगळं सांगितलं. गोजरबाईंना आधी पटलंच नाही. इतकी वर्षं आपण घातलेलं अन्न चुकीचं होतं, असं कुणी म्हटल्यावर कुठल्या बाईला पटेल?

"एक भाकर? आवं, एका भाकरीवर आपलं मांजर तरी जगंल का?"

"पुण्याला जायाचं का स्टोअरात?"

रात्री गोजरबाईंनी साखरेचा डबा वरच्या फळीवर, शिडीशिवाय हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवला. गेणभाऊंच्या घरातली शिडी गेले दीड महिने पडूनच होती.

पहिला आठवडा वाईट गेला. डोकं दुखायचं. बिनसाखरेचा चहा औषधासारखा लागायचा. दुपारी चारला हात आपोआप बिस्किटाच्या पुड्याकडे जायचा आणि रिकामाच परत यायचा. शेजारच्या घरात भात शिजला की त्याचा वास भिंतीतून आल्यासारखा यायचा. गेणभाऊ चिडचिडे झाले. रेडिओवर चिडले, म्हशीवर चिडले, एकदा विनाकारण शफीवरही चिडले. शफी म्हणाला, "रमजानला पहिले चार दिवस आमचंबी असंच व्हतं. सरावतं मग." आणि खरंच पाचव्या-सहाव्या दिवसापासून भूक थोडी शहाण्यासारखी वागू लागली.

पहाटे ते पेठेतून निघायचे आणि अवसरीचा घाट उतरायचे. खालच्या वळणाला हात लावून वर. पहिल्या दिवशी वर येताना सात वेळा बसले. नाशिककडे कांदा भरायला चाललेल्या रिकाम्या ट्रकचा एक ड्रायव्हर थांबला. "काका, गाडी बंद पडली का?" "न्हाई," गेणभाऊ म्हणाले, "चालू करतोय." तो ड्रायव्हर पुढं दिसला की हॉर्न वाजवून विचारायचा, "झाली का चालू?" गेणभाऊ नुसता हात वर करायचे. बोलायला दम नसायचा.

खाण्याचं घरात बसत गेलं. कामावर मात्र भलतंच होऊन बसलं.

अवसरी बुद्रुकच्या वस्तीवर सरूबाईचा मुलगा सावळाराम राहायचा. त्याच्या डीपीचा फ्यूज गेला. फ्यूज जमिनीवरूनच बसवता येतो, म्हणून गेणभाऊच गेले. लाईट आली. सावळारामच्या घरून चहा आणि शिरा आला.

"नको."

सावळाराम बघतच राहिला. "का? गोड कमी पडलं का?"

"नको म्हणलं ना."

गेणभाऊंना खरं सांगायला लाज वाटली. वायरमननं वजन कमी करायला पथ्य धरलंय, हे सांगायचं कसं? ते निघून गेले.

संध्याकाळपर्यंत वस्तीवर पसरलं, वायरमन रुसला. त्याला कारणही सापडलं. पावसाळ्यात गेणभाऊंनी सावळारामच्या भावकीतल्या एकाचा तारेवरचा आकडा काढला होता, तेव्हा बाचाबाची झाली होती. त्याचाच राग. आता ऐन गव्हाला पाणी द्यायच्या वेळी डीपी गेली तर हा माणूस यायचाच नाही. दुसऱ्या दिवशी गेणभाऊंच्या घरी जिलेबी आली. गेणभाऊंनी परत पाठवली. मग बासुंदी आली. तीही परत गेली. वस्तीवर घबराट झाली. जिलेबीनं उतरत नाही, बासुंदीनं उतरत नाही, असा राग त्यांनी पाहिला नव्हता.

रविवारी सावळाराम, आकडेवाला आणि सरूबाई ट्रॅक्टर जोडून पेठेला आले. बरोबर पुरणपोळ्यांची पाटी होती. गेणभाऊ पडवीत मटकीची उसळ खात होते.

"वायरमन," सावळाराम उभ्या उभ्याच म्हणाला, "ह्यानं परत आकडा टाकला तर माझं नाव बदला. पण आता राग सोडा."

"कसला राग?"

"जिलेबी माघारी धाडली."

"बासुंदीबी," आकडेवाला म्हणाला.

गोजरबाईंनी पदर तोंडाला लावला. गेणभाऊ कधी त्यांच्याकडे, कधी पाटीकडे बघत राहिले. पुरणाचा वास पडवीभर झाला होता. मग त्यांनी उठून खुंटीवरचा पट्टा काढला आणि सगळ्यांदेखत कमरेला लावून दाखवला. आता टोक आणि बक्कल यांच्यात दोन बोटं उरली होती.

"ही दोन बोटं जायाची हायेत," ते म्हणाले. "आन वर ह्या तिसऱ्या भोकापातूर यायाचं हाय. यात्रेच्या आदी. न्हाई आलं तर मी पुण्याला. मग तुमचा फ्यूज कोण बसवतंय ते बघा."

मग सरूबाईनं पाटीवर फडकं ओढलं.

"आरं मग आदी सांगायचं की मुडद्या! आमी आपलं हप्ताभर गोड करून करून मेलो."

पुरणपोळ्या ट्रॅक्टरवरून परत गेल्या. जाताना सरूबाईनं दाराशी थांबून विचारलं, "आन तुला चालतं तरी काय?" गेणभाऊंनी सांगितलं. अंडी म्हटल्यावर म्हातारीनं दोन्ही कानांना हात लावला. "ते माझ्या उंबऱ्याच्या आत न्हाई. ताक देईन."

त्यानंतर लपवायला काही उरलं नाही. वस्त्यांवर ताकाचे तांबे आले, उसळीच्या वाट्या आल्या, शेंगांचे सुपडे आले. कुणाकडे मासवडीचा बेत असला की गेणभाऊंना नुसत्या चार वड्या आणि वाटीभर रस्सा मिळायचा. बिनभाकरीची मासवडी खाणारा माणूस बघायला पोरं दारात जमायची. आता गेणभाऊंच्या तोंडात काय जातं, यावर तीन गावांचं लक्ष होतं. माघात अवसरी खुर्दला एका लग्नात त्यांनी पंगतीत जिलेबीकडे हात नेला, तर वाढप्यानंच हात धरला. "वायरमन, मला मारत्याल लोकं."

तरी एकदा तोल गेलाच. चाकणजवळ मेव्हण्याच्या घरी लग्न होतं. तिथं त्यांना ओळखणारं, अडवणारं कुणी नव्हतं. मसालेभात, जिलेबी, पुन्हा मसालेभात. गेणभाऊ जेवले ते घाम येईपर्यंत. त्या आठवड्यात काटा दीड किलोनं वर गेला, आणि नंतरचे तीन आठवडे ब्याण्णववरून हललाच नाही. घाट चालून होत होता, भाकरी एकच होती, पण काटा हलेना. पट्टा पहिल्या भोकात, म्हणजे टोकाच्या भोकात, कसाबसा लागत होता. साहेबांनी सांगितलेलं तिसरं होतं. दीड महिना उरला होता.

"बास करा," एका रात्री गोजरबाई म्हणाल्या. "पुणं काय परदेस न्हाई. मी येते संगं."

दुसऱ्या दिवशी पहाटे गेणभाऊ घाट चालून आले आणि घरामागच्या बांधावर गेले. तिथं एक लोखंडी खांब उभा होता. दोन वर्षांमागे लाईन रस्त्याच्या कडेनं वळवली, तेव्हा तारा उतरवल्या आणि खांब राहून गेला. गोजरबाईंनी जानेवारीत त्याच्या बुंध्याशी दोडक्याचं बी टोचलं होतं. वेल माणसाच्या खांद्याएवढा चढला होता.

गेणभाऊंनी पट्टा बांधला, दोर खांबाला घातला आणि चढले. वेलाच्या टोकाएवढे गेले आणि उतरले. पुन्हा गेले. पाच वेळा.

"वेल मोडू नका!" गोजरबाई आतून ओरडल्या.

मग रोज घाट आणि नंतर खांब. वेल रोज बोट-दोन बोटं वर जायचा. गेणभाऊ त्याच्या पुढं जायला बघायचे. हात सोलवटले. खांदे रात्रभर ठणकायचे. गोजरबाई आंबटचुका खुडताना खालून सांगायच्या, "आज वेल पुढं हाय." किंवा, "आज तुमी." त्यांच्या बोलण्यात पुण्याचं नाव पुन्हा आलं नाही. फाल्गुन सरता सरता काटा हलला. एक्याण्णव. मग एकदम एकोणनव्वद. दुसरं भोक लागलं. वेल खांबाच्या मध्यावर फुलला, तेव्हा गेणभाऊ टोकाला हात लावून खाली यायला लागले होते.

यात्रेच्या आधीच्या शुक्रवारी साहेब अवसरी बुद्रुकला आले. तोच खांब. वरचा एक चिनी मातीचा कप तडकला होता, तो बदलायचा होता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण वेशीबाहेर गेल्या वेळेच्या दुप्पट माणसं होती. शफी काटा बंद ठेवून आला होता. गोजरबाई सावळारामच्या बायकोबरोबर बांधावर बसल्या होत्या. सरूबाई तेवढी दिसत नव्हती.

आदल्या संध्याकाळी घरी पट्टा तिसऱ्या भोकात गेला होता, पण श्वास ओढून. हे गेणभाऊंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. गोजरबाईंनाही नाही.

लाईन बंद झाली. गेणभाऊंनी पट्टा कमरेभोवती घेतला. पहिलं भोक. दुसरं. अंगठ्यानं चामडं दाबलं. बक्कलचा काटा तिसऱ्या भोकात गेला.

साहेब जवळ आले. पट्टा नीट बघितला. मग म्हणाले, "बोला."

"काय बोलू, साहेब?"

"काहीही बोला. श्वास धरलाय का, ते बघतोय."

गेणभाऊंनी श्वास सोडला. पोट पुढं आलं, चामडं करकरलं, काटा तसाच राहिला. त्यांनी बक्कलकडे बघितलं. मग मान वर करून सगळ्या वेशीला ऐकू जाईल असं ओरडले,

"सरूआजी, कंदिलात घासलेट भरून ठिवलंय का?"

हशा उठला. साहेबही हसले आणि बाजूला झाले. "चढा, टेमकर."

मधल्या नंबरापाशी पोचले तेव्हा मांड्यांनी जुनी आठवण काढली. गेणभाऊ थांबले. दोर खांबाला होता. पट्ट्यानं कंबर धरून ठेवली होती. दोन श्वास घेतले. खाली पुन्हा कुणी बोलत नव्हतं, पण आता त्यांना ते लागलं नाही. पाय उचलला. नंबर खाली गेला.

वर गेल्यावर त्यांनी तडकलेला कप उतरवला, नवा बसवला, तार बांधली, ओढून बघितली. काम संपलं. तरी ते लगेच उतरले नाहीत. सहा महिन्यांनी त्यांना वरून गाव दिसत होतं. गिरणीचा पत्रा, गव्हाची कापलेली रानं, लांबवर घाटाची वळणं. त्या वळणांवर ते पहिल्या दिवशी सात वेळा बसले होते. सावळारामच्या घराच्या अंगणात, उंबऱ्यापासून दूर, तीन दगडांवर काही तरी शिजत होतं. धूर सरळ वर येत होता. या वेळी अंगणात कोण चूल मांडतंय, ते त्यांना कळेना.

"उतरा आता!" साहेब खालून ओरडले. "स्टोअरला नाही पाठवत तुम्हाला!"

ते उतरले. लाईन चालू झाली. गिरणी घरघरली. शफीनं मिठी मारली आणि पाठीवर हात ठेवून म्हणाला, "सत्त्याऐंशी. काटा बघायची गरजच न्हाई." गोजरबाई बांधावरून उठल्या, जवळ आल्या आणि पट्ट्याचं बक्कलच्या पुढं लोंबणारं टोक त्यांनी बोटांनी मोजून बघितलं.

मग गर्दी बाजूला झाली. सरूबाई येत होती. मागून सावळाराम, त्याच्या एका हातात पळसाचं पान. पानावर चार उकडलेली अंडी आणि मीठ, दुसऱ्या हातात तांब्याभर ताक.

"मी शिवले न्हाई हां," सरूबाईनं आधीच सगळ्यांना बजावलं. "घरात आणली न्हाईत. अंगणात तीन दगड मांडले, पत्र्याच्या डब्यात उकडायला लावली. डबा फेकून देणार हाय. पन वायरमनला ताट न देता धाडायचं, असं माझ्या घरानं कधी केलं न्हाई."

गेणभाऊ खांबाच्या बुंध्याशी मांडी घालून बसले. पट्टा सोडला नाही. पहिलं अंडं सोललं, मीठ लावलं.

"आता तरी नीट जेवशील का उद्यापासून?" सरूबाईनं विचारलं. "यात्रेला पुरणाच्या पोळ्या हायेत."

"हेच नीट हाय, आजी," गेणभाऊ म्हणाले. "पोळी एक. अर्धी तुमी खायाची."

म्हातारीनं तोंड वाकडं केलं आणि समोरच जमिनीवर बसली, ते ताट रिकामं होईपर्यंत उठली नाही.